बाईंच्या दातांमधली फट

बाईंनी स्वतःचं तोंड चादरीएवढं मोठं झालेलं पाहिलं तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या सतरा वर्षं शिकवत होत्या. त्या वर्षी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, डोक्यात आलं की मुलांना घरी ओठ वाचण्याचा सराव करता यावा म्हणून व्हिडिओ करायचे. नुसत्या तोंडाचे. नाकाखालून हनुवटीपर्यंत, बाकी काही नको. शाळेत सगळ्यात स्वच्छ उच्चार बाईंचे, त्यामुळे तोंड त्यांचंच ठरलं. शूटिंग झालं, आणि सगळ्या शिक्षिकांनी मिळून ते सभागृहाच्या भिंतीवर लावून पाहिलं.

बाकीच्या जणी ओठांकडे बघत होत्या. बाई दातांकडे बघत बसल्या. वरच्या समोरच्या चार दातांवर दोन आडवे पट्टे होते, करडे-तपकिरी, चहा तसाच राहिला की कपाच्या आत उमटतात तसे. एक दाताच्या टोकाजवळ, दुसरा जरा वर. आणि मधल्या दोन दातांत एक फट.

पट्टे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. रोज सकाळी ब्रश करताना आरशात तेच तर दिसायचे. पण आपण घरातल्या भिंतीकडे जसं बघतो तसं त्या त्यांच्याकडे बघत आल्या होत्या. आज भिंतीवर मात्र ते पट्टे नीट आखल्यासारखे दिसत होते. चारही दातांवर एकाच उंचीवर. बाईंना वाटलं, हे कुणी आखले?

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो शिलाई मशीनं दुरुस्त करायचा आणि त्या वेळी एका मशीनच्या पोटात हात घालून बसला होता.

"अहो, माझ्या दातांवर पट्टे आहेत ते तुम्हाला कधी दिसले?"

"लग्नाआधी दिसले होते," तो मान वर न करता म्हणाला. "नंतर दिसायचे थांबले."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तुझे दात, मी तुला काय सांगणार? का, दुखतात का?"

"दुखत नाहीत हो. बघावंसं वाटतंय."

बाईंचं असंच होतं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा पुरवायचा. आठवड्याभरात त्या दातांच्या डॉक्टरांपुढे खुर्चीत आडव्या झाल्या होत्या.

डॉक्टर वयाने लहान, बोलणं झपाझप. तिने आरसा फिरवला, दिवा खाली ओढला, दात वाळवले आणि बराच वेळ बघत राहिली.

"ताई, लहानपणी दोनदा आजारी पडला होतात का? मोठ्या आजाराने? एकदा साधारण दीड वर्षाच्या असताना आणि एकदा तीनच्या आसपास?"

बाई उठूनच बसल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"दाताने सांगितलं." डॉक्टर हसली. मग तिने समजावलं. दुधाचे दात तोंडात असतात तेव्हाच त्यांच्या मागे, हिरडीच्या आत, पक्के दात घडत असतात. टोक आधी तयार होतं, मग वरचा भाग, थराथराने. त्या वयात पूर्वी एक औषध सर्रास द्यायचे, तापावर, खोकल्यावर, कशावरही. ते घडत्या दातात जाऊन बसायचं. जेवढे दिवस औषध, तेवढा पट्टा. "पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि लहान मुलांना ते देणं बंद झालं. पण तुमच्या दातात ते लिहिलं गेलंय."

"घासून जाणार नाही?"

"नाही. रंग वर लागलेला नाही, आतून आहे. ब्लीचिंगनेही असा डाग फार हटत नाही. तुम्हाला व्हिनियर्स बसवता येतील."

"म्हणजे टोपी?" बाईंनी विचारलं. त्यांच्या सासूबाईंच्या दाढेवर होती तशी.

"टोपी म्हणजे कॅप," डॉक्टर म्हणाली. "तिच्यासाठी दात चहूबाजूंनी कापावा लागतो. व्हिनियर फक्त समोरून. पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा, नखाएवढा जाड. दात समोरून जेमतेम अर्धा मिलिमीटर घासायचा आणि वर हा चिकटवायचा. पण एक आहे, घासलेलं परत येत नाही. एकदा केलं की जन्मभर त्यावर काहीतरी लागणारच. हा पापुद्राही कायमचा नाही, दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. दोऱ्या तोडायच्या नाहीत, पेनची टोपणं चावायची नाहीत."

"आणि नाही केलं तर?"

"काहीच होणार नाही. दात ठणठणीत आहेत. हे फक्त दिसण्यासाठी."

हे उत्तर बाईंना आवडलं. विकायला बसलेल्या माणसाने असं सांगितलं नसतं. पण त्या दिवशी त्या ठरवून काही आल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिथून त्या थेट आईकडे गेल्या.

आई ऐंशीला टेकलेली, पण स्मरणशक्ती धारदार. बाईंनी विचारल्याबरोबर ती म्हणाली, "दोनदा. बरोबर. पहिल्यांदा तू नुकती चालायला लागली होतीस. छाती भरली होती. दुसऱ्यांदा तुझ्या भावाच्या वेळी मला दिवस गेले होते तेव्हा. डॉक्टर पिवळं औषध द्यायचे, बाटलीतलं. तू थुंकायचीस. मी नाक दाबून पाजायची."

"त्या औषधाने पट्टे पडलेत, आई."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला की आपण काय बोलून बसलो. लहानपणापासून आई त्यांना एकच सांगत आली होती: माती खायचीस, म्हणून दात असे झाले. पाहुण्यांसमोर सांगायची, मुलगा बघायला आला तेव्हाही हसत सांगितलं होतं. बाईंनीही ते खरं मानलं होतं. बालवाडीत कुणी खडू चाटताना दिसलं की त्या धावत जाऊन हिसकावून घ्यायच्या.

"मी तुला किती बोलले," आई म्हणाली. "चाळीस वर्षं तुला बोलले, आणि केलं होतं मीच."

"तू नसतं पाजलं तर मी राहिले असते का?"

"ते नाही माहीत." आईने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, लहान मुलीचं वळवावं तसं. "उघड बघू." मग पट्ट्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "हा खालचा पहिला ना? त्या वेळी नऊ रात्री मी तुला उभं धरून मांडीवर घेऊन बसले होते. आडवं केलं की श्वास अडकायचा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "झाकून टाक बाई. मला ते आता बघवणार नाही."

आईला बघवणार नाही म्हणून दात करायचे का, यावर बाईंनी पुष्कळ विचार केला. पण खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते हवे होते. भिंतीवरचं ते तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि पट्टे नसलेलं आपलं तोंड कसं दिसेल ही उत्सुकता तर होतीच होती.

डॉक्टर म्हणाली, "आधी कच्चं करून बघू. दाताला हात लावायचा नाही. मापं घेऊ, कारागीर प्लास्टरच्या साच्यावर मेणाने नवे दात करून देईल, त्यावरून मी तुमच्या दातांवर तात्पुरता लेप चढवीन. चार दिवस वापरा. आवडलं तर पुढे. नाही आवडलं तर काढून टाकू, तुमचे दात जसेच्या तसे."

लेप चढला. डॉक्टरने आरसा हातात दिला आणि बाई स्वतःशीच लाजल्या. चार दात, एकसारखे, स्वच्छ. पट्टे नाहीत, फट नाही.

"फट बुजवली तुम्ही?"

"सगळ्यांना ती बुजवूनच हवी असते," डॉक्टर म्हणाली. "विचारायचं राहिलंच. नको होती का?"

"असू दे. छान दिसतंय."

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" असं विचारून वर स्वतःच खो खो हसला. मग दिवसभर चोरून बघत राहिला. आई रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "मावशीसारखी दिसतेस."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सात मुलं, अर्ध्या गोलात खुर्च्या. बाई नेहमी उजेड तोंडावर घेऊन बसायच्या. मुलांच्या कानांत यंत्रं होती, पण त्यांतून आवाज तुटक यायचा. उरलेलं ती ओठांवरून भरून काढायची. मधोमध बसायची नऊ वर्षांची वकीलबाई. हे नाव बाईंनीच दिलेलं, कारण कुठल्याही गोष्टीवर तिचं "का?" ठरलेलं.

बाईंनी शब्द सांगायला सुरुवात केली. मुलांनी पाटीवर लिहून दाखवायचे.

"तार," बाई म्हणाल्या.

सातांपैकी पाच पाट्यांवर 'कार' आलं.

बाईंनी पुन्हा सांगितलं. सहा पाट्यांवर 'कार'. "दार" म्हटलं तर 'गार' आलं. "दादा आला" हे वाक्य सांगितलं तर वकीलबाईने विचारलं, "कुठला काका?"

"काका नाही. दादा."

"तेच म्हणतेय. काका कुणाचा?"

बाईंना आधी वाटलं, नव्या लेपामुळे आपली जीभ अडखळतेय. मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गातल्या ताईंना, ज्यांना व्यवस्थित ऐकू येतं, त्यांनी तेच शब्द म्हणून दाखवले. ताई म्हणाल्या, उच्चार अगदी चोख आहेत. म्हणजे जे बिघडलं होतं ते ऐकण्यातलं नव्हतं, दिसण्यातलं होतं.

दुपारी बाईंनी शिकवणं बाजूला ठेवलं. दोन याद्या केल्या, एकीत त, द, न चे शब्द, दुसरीत क, ग चे. सरमिसळ करून विचारत गेल्या आणि कुठे चुकतं ते टिपत गेल्या. प, ब, म यांचा गोंधळ होता, पण तो नेहमीचाच. ते ओठांवर सारखेच दिसतात, कुणालाही ओळखता येत नाहीत. नवा गोंधळ फक्त त, द, न चा होता. हे तीन कालपर्यंत या वर्गाला कधीच जड गेले नव्हते. इतर वर्गांतली मुलं त्यांत अडकायची, बाईंची नाही. आणि बाई सतरा वर्षं समजत आल्या होत्या की आपण शिकवतोच चांगलं.

शेवटी त्यांनी मुलांनाच विचारलं. "आधी तुम्हाला 'तार' कसं कळायचं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चालताना पाय कसा उचलता असं विचारल्यासारखं त्यांना झालं. वकीलबाई मात्र उठली. फळ्यावर तिने बाईंचं तोंड काढलं, त्यात दात, दातांवर दोन पट्टे, मधे फट. मग लाल खडू घेऊन फटीत एक ठिपका दिला.

"हा यायचा," ती म्हणाली. "लाल आला की त, द, न. लाल नाही आला की क, ग. आता दार बंद झालं."

बाई त्या ठिपक्याकडे बघतच राहिल्या. जिभेचं टोक! त, द, न म्हणताना ते दातांना टेकतं, आणि फटीतून दिसतं. सतरा वर्षांत कितीतरी मुलं त्या ठिपक्यावरून शिकून गेली होती, आणि कुणी कधी बोललं नव्हतं, कारण हे काही वेगळं आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात एका मुलाने बाईंना उद्देशून खुणेने काहीतरी म्हटलं आणि बाईंना आणखी एक गोष्ट खटकली. मुलं खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक नाव देतात. बाईंचं नाव होतं, दोन बोटं दातांपुढून आडवी फिरवायची. बाईंची समजूत होती की त्याचा अर्थ 'हसणारी'. मोठ्या बाईंनाही त्या तसंच सांगत आल्या होत्या.

"याचा अर्थ काय?" त्यांनी ती खूण करून विचारलं.

"दोन पट्टे," वकीलबाई म्हणाली, आणि बाईंना हे माहीत नाही याचंच तिला जास्त आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी बाई दवाखान्यात. डॉक्टरला पटेना. "ताई, फटीतून जीभ दिसून मुलं वाचतात? असं मी कुठे वाचलं नाही."

"मीही नाही. पण आज दिवसभर तपासलंय." बाईंनी टिपणाचा कागद पुढे केला.

डॉक्टरने कागद दोनदा वाचला. मग फोन उचलून दात बनवणाऱ्या कारागिराला लावला. तो साठीचा माणूस. तीस-पस्तीस वर्षं भट्टीसमोर बसून त्याने हजारो दात केले होते, पण ते ज्यांच्या तोंडात गेले त्यांना त्याने क्वचितच पाहिलं होतं. त्याच्याकडे यायचे ते प्लास्टरचे साचे आणि रंगांचे नंबर. तो फोनवर म्हणाला, "मला ती मुलं बघता येतील का?"

तिसऱ्या दिवशी तो वर्गात आला. खिशात भिंग, हातात डबी. तोपर्यंत डॉक्टरने लेप काढला होता आणि बाई आपल्या जुन्या पट्ट्यांसकट बसल्या होत्या. कारागीर मुलांच्या शेजारी, मुलांच्याच उंचीच्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला. बाई शब्द सांगत होत्या, मुलं लिहीत होती, आणि तो बाईंचं तोंड बघत होता. तासाभराने त्याने कानांत कापसाचे बोळे घातले आणि म्हणाला, "आता परत सांगा." त्यानेही पाटी मागून घेतली होती. वीसपैकी सात शब्द बरोबर आले. वकीलबाईने त्याची पाटी तपासली आणि त्याच्याकडे बघून दयेने मान हलवली.

"मी आयुष्यभर थांबलेले दात केले," तो निघताना बाईंना म्हणाला. "चालू दात आज बघितले. 'फ' आणि 'व' म्हणताना तुमचा खालचा ओठ वरच्या दाताच्या कडेला लागतो, ती कड मी मेणात केसभर लांब केली होती. ती कमी करतो. आणि फट ठेवू. डॉक्टरांना मी सांगतो."

डबीत त्याने रंगांचे नमुने आणले होते, काडीला लावलेले सुटे दात. त्याने मुलांनाच ते बाईंच्या ओठांजवळ धरायला लावले. सगळ्यात पांढरा नमुना मुलांनी एकमताने नाकारला. "डोळ्यात जातो," मुलं म्हणाली. किंचित पिवळसर झाक असलेला त्यांनी निवडला. डॉक्टरने पुढे तोच पक्का केला.

दात घासायच्या दिवशी संमतीच्या कागदावर सही करताना बाईंचा हात क्षणभर थांबला. अर्धा मिलिमीटर. आईने नऊ रात्री बसून वाचवलेलं ते पोर जिथे लिहिलं गेलं होतं, तिथलाच तो अर्धा मिलिमीटर जाणार होता.

"पट्टे पूर्ण जातील का घासून?" त्यांनी विचारलं.

"छे. ते खोलवर आहेत. मी वरवरचंच काढणार. बाकी सगळं आत राहील, फक्त झाकलेलं."

बाईंनी सही केली.

दोन आठवड्यांनी पापुद्रे आले. कापसावर ठेवलेले चार, इतके पातळ की बाईंनी एक बोटावर घेतला तेव्हा वजनही जाणवलं नाही. डॉक्टरने आधी दात आम्लाने खरबरीत केले, धुतले, गोंद लावला, एकेक पापुद्रा बसवला आणि निळ्या उजेडाने घट्ट केला. मधली फट सुईच्या दोऱ्याने मोजून घेतली. बाईंनी आरशात पाहिलं. हे तोंड त्यांचंच होतं, मावशीचं नव्हतं.

आई बघायला आली ती चष्मा पुसतच. बराच वेळ बघून म्हणाली, "गेले." मग जरा थांबून, "कुणाला सांगू नकोस हं, मी माती म्हणायचे ते." बाई म्हणाल्या, "सगळ्यांना सांगणार आहे," आणि दोघी हसल्या.

वर्गात पुन्हा त्याच याद्या. 'तार' ला सातही पाट्यांवर 'तार'. 'दादा आला' म्हटल्यावर कुणीही काका विचारला नाही. नावाचा प्रश्न मुलांनी आपसात वाद घालून सोडवला: पट्टे गेले तरी नाव तेच, कारण मोठ्या मुलांना आता नवं कोण शिकवणार?

त्यानंतर जे झालं ते मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पूर्वी तो लाल ठिपका करड्या पट्ट्यांच्या शेजारी दिसायचा. आता तो उजळ दातांच्या मधे दिसत होता, आणि लांबूनही दिसत होता. हे आधी कळलं ते अर्थातच वकीलबाईला. सोमवारी ती खुर्ची उचलून खिडकीपाशी, वर्गाच्या पार मागे जाऊन बसली.

"पुढे ये," बाई म्हणाल्या. "तिथून तुला काय दिसणार?"

"विचारा," ती म्हणाली.

बाईंनी दहा शब्द विचारले. तिने दहाही लिहिले. शाळेत आल्यापासून ही पोर बाईंपासून हातभर अंतरावर बसत आली होती, कारण त्यापलीकडे तिच्यासाठी वर्ग संपायचा. ती मागे बसून एकदा बाईंकडे आणि एकदा खिडकीबाहेर बघत होती.

बुधवारपर्यंत सगळ्यांना मागे बसायचं होतं. खुर्च्यांवरून भांडणं झाली, बाईंना वार ठरवून द्यावे लागले. शुक्रवारी मोठ्या बाई सहज डोकावल्या तर बाई एकट्याच फळ्यापाशी, समोर मोकळी फरशी, आणि सातही मुलं मागच्या भिंतीला टेकून ओळीने बसलेली.

"मुलं रुसलीत की काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "किती लांबून वाचता येतं ते बघताहेत. उद्या मैदानावर जाऊ म्हणतात."